हशमत लॉज, खोली नंबर पाच

हशमत लॉज, मोर्शी
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

सौ. कौशल्याताई गावंडे, जठारपेठ, अकोला यायले नसीमबानोचा सलाम.

तुमी मले ओळखत नाई, मी तुमाले ओळखत नाई. पण तुमचे मालक नत्थुजी गावंडे रविवारपासून माझ्या लॉजवर खोली नंबर चारमंदी हायेत, म्हणून हे पत्र लिहून राहिली. घाबरू नका, तब्येत चांगली हाये.

रविवारी दुपारी आले. हातात रेग्झिनची बॅग. म्हणाले, "एका रात्रीसाठी खोली पाहिजे. फक्त एका." मी रजिस्टर पुढं केलं. 'येण्याचे कारण' या रकान्यात लोक लग्न लिहितात, नाईतर कोर्टाचं काम. यायनं लिहिलं, 'सिद्ध करणे'. मी इचारलं, काय सिद्ध करणे? तं म्हणे, "ते घरच्यांना माहीत आहे."

सोमवारी सकाळी सहाले आंघोळ करून, बॅग भरून खाली आले. "झाली एक रात्र. कोणाचा फोन आला होता का?" मी म्हटलं, नाई. बॅग घेऊन पुन्हा वर गेले. मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. मी म्हटलं, "भाऊ, तुमचा मोबाईल घरी राहिला म्हणता, आमच्या लॉजचं नाव घरी सांगतलं नाई म्हणता, मंग फोन येईल कसा?" तं म्हणाले, "मोर्शीत लॉज आहेत किती? शोधलं तर सापडतं."

आमचं लॉज जुनं हाये. माझ्या सासऱ्याच्या वडिलांनी, हशमतमियांनी, १९२८ साली संत्र्याच्या व्यापाऱ्यांसाठी बांधलं. दिल्ली-कलकत्त्याचे लोक हंगामात महिना महिना राहत. सारं लाकूड मेळघाटचं सागवान, अन् पलंग असे उंच की चढाले स्टूल लागते. आता कोणी एका रात्रीच्या वर राहत नाई. तुमच्या मालकाची आज पाचवी रात्र.

घरी फोन करणार नाई अशी त्यायनं माझ्याकडून कसम घेतली, माझ्या मरहूम शौहरच्या नावानं. शौहर होते तोवर त्यायची एकही गोष्ट मी ऐकली नाई, पण गेलेल्या माणसाची कसम मोडवत नाई. पत्राची गोष्ट मात्र निघालीच नव्हती. पत्ता रजिस्टरातून घेतला.

ते आपल्या पायानं आले का तुमी काढून देल्लं, तेवढं कळवा. म्हणजे मले त्या हिशोबानं वागता येईल. जीवन नावाचा पोस्टमन पत्र माझ्याच हातात देईल, त्याले सांगून ठेवलं.

तुमची
नसीमबानो


जठारपेठ, अकोला
१० फेब्रुवारी

नसीमबानोताईले कौशल्या गावंडेचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला अन् मंग हसू आलं. काढून देल्लं नाई बाई, आपल्या पायानं गेले.

आमचे हे चौतीस वर्षं एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या खोलीत बसून गाड्या पुकारत. दोन वर्षं झाली रिटायर होऊन, पण तोंडापुढचा माईक काही जात नाई. सकाळी सहाले घरात आवाज: "चहा लागलेला आहे, प्रवाशांनी लक्ष द्यावे." प्रवासी कोण? मी एकटी. बंडू, आमचा पोरगा, पुण्याले.

मागच्या महिन्यात त्यायनं सैपाकघरात वेळापत्रक चिकटवलं. सहा-पाच चहा, आठ-दहा पोहे, बारा-तीस जेवण. तिथवर म्या सोसलं. पण खाली लिहिलं होतं, 'कौशल्या: विश्रांती, वीस मिनिटे.' म्या थे फाडून चुलीवर, म्हणजे गॅसवर, जाळलं. म्हटलं, "माह्या विश्रांतीचं तुमी काहून ठरवता? तुमाले सोताची बनियन कुठं हाये थे माहीत नाई. जलमात एक रात्र बायकोशिवाय काढून दाखवा."

लागलं ना बाप्पा! मोबाईल फ्रीजवर ठेवला, बॅग घेतली. "मोर्शीला चाललो. चौतीस वर्षं मोर्शीची गाडी पुकारली, मोर्शी पाहिली नाही." मले वाटलं, अमरावतीहून वापस येतील.

आता खरं सांगू काय ताई? रविवारी रडली. सोमवारी साडेआठपर्यंत झोपली. मंगळवारी शेजारच्या नीलमसंगं पाणीपुरी खाऊन आली. कोणी पुकारत नाई, कोणी घड्याळ दाखवत नाई. बंडूले सांगतलं, बाबा मोर्शीले दोस्ताच्या पोरीच्या लग्नाले गेले. थो म्हणे, आठ दिवस लग्न चालते काय? म्हटलं, मोठ्या घरचं हाये.

राहू द्या त्यायले अजून आठ-दहा दिवस. शुगर हाये, सकाळची गोळी जेवणाच्या आधी. गोड मागतील, देऊ नका. हे पत्र आलं असं सांगू नका. त्यायनं फोनची कसम घेतली, म्या बी फोन करत नाई. काउंटरवर कान लावून बसले असतील.

तुमची
कौशल्या


हशमत लॉज, मोर्शी
१४ फेब्रुवारी

कौशल्याताई, सलाम.

गोळी रोज माझ्या समोर घेतात. गोडाचं काही सांगता येत नाई, कारण सैपाकघर आता त्यायच्याच ताब्यात हाये.

असं झालं. परवा पहाटे आंगणात उभं राहून यायनं आवाज देल्ला, "खोली क्रमांक दोनच्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, गरम पाणी लागलेले आहे." दोन नंबरात बियाण्याच्या कंपनीचा माणूस होता. टॉवेलवरच बाहेर आला. मले वाटलं भांडते. तं थो हसून हसून बेजार. पुन्हा ऐकाचं म्हणून एक रात्र जास्तीची राहिला! तुमचे मालक सोडले तं एका रात्रीच्या वर राहणारा गिऱ्हाईक मी किती तरी वर्षांनी पाह्यला.

आमचा सैपाकी सहदेव मात्र चिडला. तीस वर्षांपासून चुलीजवळ हाये, कोणाचं ऐकत नाई. म्हणे, "हा माणूस मले भाजीची वेळ सांगते, मी जातो." मी म्हटलं, तू त्याले काम दे, तोंड बंद होईल. तेव्हापासून तुमचे मालक रोज लसूण सोलतात. काल झुणका केला. आज कणीक मळली, पीठ जरा भिंतीले लागलं.

बाकी बडा नेक माणूस. संध्याकाळी पाचले तोंड धुतात, केसाले तेल लावतात, इस्त्रीचा शर्ट घालतात अन् स्टँडवर जातात. साडेपाचची अमरावतीची गाडी येते, सारे लोक उतरले की वापस येतात. रोज. जुनी सवय, दुसरं काय. गाडी टायमावर आली का नाई ते पाहत असतील.

अशा माणसाची बायको म्हणजे तुमी नशीबवानच म्हणा लागते.

तुमची
नसीमबानो


जठारपेठ, अकोला
१८ फेब्रुवारी

नसीमबानोताई,

पत्र तीनदा वाचलं.

लसूण? एकोणचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं लसणाची पाकळी हातात धरली नाई. झुणका? कणीक? कोणासाठी?

अन् केसाले तेल! इस्त्रीचा शर्ट! इस्त्री कोण करून देते? ताई, तुमी भोळ्या हायेत. गाडीचा टाइम पाहाले कोणी तेल लावून जाते काय? गाडीतून उतरणारं कोणीतरी हाये. सारे उतरेपर्यंत थांबते म्हणता, म्हणजे थे मागच्या सीटवर बसून येत असंन. पहिले मले तुमच्यावर बी वहीम आला होता, खोटं काहून बोलू. मंग तुमी शौहरबद्दल जे लिहिलं थे आठवलं, अन् शरम वाटली. माफ करा.

मी शनिवारी येऊन राहिली. दुपारच्या गाडीनं, थे स्टँडवर निघाच्या आत. रजिस्टरात माणिकबाई लिहीन, माह्या आईचं नाव. तोंडाले डोळ्यापर्यंत स्कार्फ बांधीन. त्यायच्या बाजूची खोली द्या. एक रात्र राहीन, काय थे डोळ्यानं पाहीन, अन् सकाळी हात धरून घरी आणीन.

त्यायले एक शब्द सांगाल तं तुमाले माही शप्पथ.

कौशल्या


जठारपेठ, अकोला
२६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्र

आदरणीय नसीमबानो बेगम यांस,
नत्थुजी गावंडे यांचा सप्रेम नमस्कार.

विषय: आपल्या खोली क्रमांक पाचमधील प्रवाशाबाबत.

आपल्या लॉजवरील एकवीस दिवसांच्या वास्तव्याबद्दल आभार. मी रविवारी सायंकाळी अकोल्यास सुखरूप पोहोचलो. आज उपवास असल्याने एका दिवसाचा स्वयंपाक वाचला आहे. तरी पुढील हकीकत आपणास कळवणे भाग आहे.

शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी स्कार्फ बांधलेली एक बाई आली, तेव्हा काउंटरवर मी होतो. आपण तिला बसायला स्टूल दिलं. बसण्याआधी तिनं ते पदरानं दोनदा झटकलं. बेगमसाहेबा, हे झटकणं मी एकोणचाळीस वर्षं पाहतोय. पुढे तिनं रजिस्टरात माणिकबाई लिहिलं. माणिकबाई ही माझी सासू. ती वारून सोळा वर्षं झाली.

मी चेहरा सरळ ठेवला. म्हटलं, "माणिकबाई, खोली पाच, जेवण आठला." तिनं मान हलवली. आवाज काढला नाही.

त्या दिवशी आपण मला दोनदा विचारलं, "आज स्टँडवर जात नाही का?" काय सांगणार? ज्या गाडीची वाट पाहत होतो, ती येऊन गेली होती.

जेवताना ती समोर बसली. स्कार्फ जरासा उचलून घास आत सारायची. मी केलेला झुणका तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतला. तिला वाटलं सहदेवनं केला. मनात म्हटलं, सकाळी ही आपली ओळख देईल आणि म्हणेल, चला घरी. बॅग रात्रीच भरली.

सकाळी सहापासून जिन्यावर बसलो. सात झाले. आठ झाले. ही बाई जन्मात साडेपाचच्या पुढे झोपलेली मी पाहिली नाही. नऊला चहा घेऊन दार वाजवलं. आतून आवाज, "बाहेर ठेवा." साडेनऊला दार उघडलं. स्कार्फ नव्हता, केस ओले होते. मी म्हटलं, "चला." ती म्हणाली, "तुमी जा. मी राहते." आणि दार लावून घेतलं. हळूच. आपटलं असतं तर मला समजलं असतं. हळू लावलेल्या दाराचा अर्थ मला लागत नाही.

तरी माझा नेमका गुन्हा काय, हे तिला विचारून कळवावे. मला फोन करवत नाही. तिनं उचलला तर काय बोलायचं ते माझं अजून ठरत नाही. तसेच कुकरची रिंग कुठे असते, तेही विचारावे.

आपला विश्वासू
न. गावंडे


हशमत लॉज, मोर्शी
१ मार्च

बंडूच्या बाबाले,

नसीमबानोताईनं तुमचं पत्र मले वाचाले देल्लं. उत्तर मीच लिहून राहिली. कुकरची रिंग डाव्या खणात, लाटण्याखाली.

गुन्हा काही नाई. मीच मोठी शहाणी बनून आली होती. मले वाटलं होतं, त्या साडेपाचच्या गाडीनं तुमाले भेटाले कोणी बाई येते. हसा. तुमचं पत्र येईपर्यंत नसीमबानोताईले वाटत होतं तुमी गाडीचा टाइम तपासता. आमी दोघी बह्याड. तुमी रोज कोणाची वाट पाहत होते थे वाचलं अन् ताई डोळ्याले पदर लावून आत गेल्या. मी बी गेली.

अन् झुणका तुमी केला थे मले पहिल्याच घासाले कळलं. सहदेव मीठ बरोबर टाकते. तरी दुसऱ्यांदा घेतला, थे ध्यानात ठेवा.

आता दाराचं सांगते. शनिवारी जेवून मी खोलीत गेली, आतून कडी लावली, अन् उभी राहिली. मनात आलं, मी तुमाले म्हटलं होतं की एक रात्र एकटे राहून दाखवा. पण मी तरी कुठं राहिली होती? माहेरी आमी चार बहिणी एका सतरंजीवर. मंग तुमचं घर. मंग बंडू कुशीत. दवाखान्यात होती तं बाजूच्या खाटेवर तुमची बहीण. तुमी गेल्यावर घरी होती, तं नीलम रोज झोपाले येत होती, मीच बोलावत होती, भेव वाटे म्हणून. थे तुमाले म्या सांगतलं नसतं. एकसष्ट वर्षांची झाली, अन् कडी लावून एका खोलीत एकटी, ही पहिली रात्र.

स्टुलावर चढून पलंगावर बसली. पाय खाली टेकत नव्हते. पोट्टीवाणी हालवत बसली. थैलीतला चिवडा पलंगावरच खाल्ला, सांडला तं सांडला. खिडकी उघडी ठेवू का बंद, हे कोणाले इचारा लागलं नाई. उघडी ठेवली. थंडी वाजली तं बंद केली. एवढ्याचं मले इतकं हसू आलं की उशी तोंडावर धरली, तुमी बाजूच्याच खोलीत होते म्हणून.

सकाळी सहाले जिन्यावर तुमचा खोकला ऐकू आला. जाग होती. उठावंसं वाटलं नाई. दार हळू लावलं कारण राग नव्हता. तेव्हा तुमाले सांगाले शब्द नव्हते, आता पत्रात सापडले.

इथं न्हाणीत एक लोखंडी टब हाये. हशमतमियांनी कोण्या इंग्रज कलेक्टरसाठी आणला होता, थो आलाच नाई. इतकी वर्षं त्यात संत्र्याचे रिकामे करंडे ठेवत. म्या घासून काढला. सहदेवनं चार बादल्या गरम पाणी आणून देल्लं अन् मी त्यात बसली. तासभर. बोटं मनुक्यासारखी झाली. नसीमबानोताई बाहेरून इचारे, जिवंत हायेत का?

आज चांद दिसला तं उद्यापासून रोजे. ताईचे गुडघे दुखतात, इफ्तारीचे भजे चार दिवस मी तळून देणार. मंग येईन. कोणत्या गाडीनं थे सांगत नाई.

गोळी घ्या.

कौशल्या


जठारपेठ, अकोला
९ मार्च २०२५

नसीमबानोताई, सलाम.

शुक्रवारी दुपारी पोचली. तुमी बांधून देल्लेली संत्री अमरावतीले गाडी बदलताना पिशवी फाटून फलाटभर घरंगळली. अर्धी लोकायनं जमा करून देल्ली, अर्धी खाल्ली.

नीलम पायरीवरच भेटली. म्हणे, "काकू, मी रोज इचारू, काकू कधी येतात? तं काका म्हणत, विचारलं नाही." मी म्हटलं, वेळापत्रकवाले काका असं म्हणाले? नक्की? तिनं तीनदा सांगतलं.

आत गेली तं थे जमिनीवर बसून, चष्मा लावून मुगाची दाळ निवडत होते. घर साफ होतं. जिथं हात पोचते तिथवर साफ. मले पाह्यलं, उठले, पिशवी घेतली. मले वाटलं, आता इचारतील इतक्या उशिरा काहून. तं म्हणाले, "पाणी देऊ का?" ताई, माह्या घरात हे वाक्य त्या तोंडातून पहिल्यांदाच निघालं. मी ग्लास घेऊन उभीच राहिली, प्याले विसरली.

खिचडी खाल्ली. बुडाशी लागली होती, वरची चांगली होती. लग्न चांगलं झालं म्हणून बंडूले फोन करून टाकला दोघायनं. थो म्हणे, पोरीचं नाव काय? हे म्हणाले माणिक, अन् मी म्हणाली नसीम. आता थो पुण्याहून येणार हाये, काय भानगड हाये थे पाहाले.

जेवण झाल्यावर यायनं इचारलं, "पुढच्या वेळी कधी जाशील?" कुरकुर नाई, टोमणा नाई. म्हटलं, "पाहू. दिवाळीनंतर." खिचडीचं भांडं मोरीत नेऊन ठेवलं. मंग म्हणाले, "मी पण एखाद्या दिवशी कुठे जाईन म्हणतो. धारणीला. जंगल आहे, डोंगर आहे."

"एकटे?"

"एकटाच. एका रात्रीसाठी."

न्यायानं पाह्यलं तं मी काय बोलणार? मी टबात तासभर बसून आली, थे जंगल बी पाहू नाई काय? म्हटलं, "जा." चांगल्या तोंडानं म्हटलं.

पण ताई, तुमाले म्हणून सांगते, मले आवडलं नाई. बिलकुल आवडलं नाई. दोन दिवस झाले, भाजी निवडता निवडता हात थांबते. तिकडचे रस्ते कशे असतील, जीपमंदी कोंबून बसा लागते म्हणतात, गोळी कोण देईन, रात्री खोकला आला तं पाणी कुठं ठेवलं असंन. काल सोताच मनाशी म्हटलं, कौशल्या, तुले एकटं राहाले पाहिजे अन् त्याले नाई, हे कसं जमंन बाई? तरी जीव ऐकत नाई.

तं तुमाले इचाराचं हे की धारणीले तुमच्या ओळखीचं, तुमच्यासारखं एखादं लॉज हाये काय? असंल तं मालकाचं नाव अन् पत्ता तेवढा कळवा. यायले काही सांगू नका.

तुमची
कौशल्या